तालुक्याच्या कॉलेजात झेब्राफिश : पार्किन्सन्सच्या अभ्यासाची सुरुवात कशी करावी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी एम.एस्सी. प्राणिशास्त्र किंवा एम.फार्म. करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी हा लेख आहे. मेंदूच्या आजारावर काम करायची ओढ अनेकांना असते, पण उंदरांसाठी वातानुकूलित खोल्या आणि महागडी यंत्रं लहान कॉलेजकडे नसतात. मासा तुलनेनं स्वस्तात सांभाळता येतो, जागा कमी घेतो, आणि झेब्राफिश तर मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद केली, तेव्हा याचंही वर्णन केलं. पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी तो प्रयोगशाळेत रुजवला.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. औषध किंवा विष पाण्यात टाकलं, मासा मंदावला, म्हणजे त्याला पार्किन्सन्स झाला असं होत नाही. मासा मंदावायला शंभर कारणं असतात आणि त्यातली निम्मी आपल्या मे महिन्यातच सापडतात. खालच्या बहुतेक पायऱ्या हीच शंका दूर करण्यासाठी आहेत.

आधी आजार समजून घ्या

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर पुस्तिका लिहिली. आयुर्वेदात कंपवात म्हणून वर्णन आहेच. गावात लोक फक्त थरथर ओळखतात, पण हालचाल मंदावणं, अंग ताठणं आणि तोल जाणं हीसुद्धा मुख्य लक्षणं आहेत. कित्येकांचा वास घेण्याचा जोर थरथर सुरू होण्याच्या बऱ्याच वर्षं आधी गेलेला असतो, बद्धकोष्ठता असते, झोपेत हातपाय झाडणं असतं. मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन हे हालचालीचे संदेश पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या दिसतात, त्यांना लेवी बॉडी म्हणतात. याच प्रथिनाच्या जनुकातला बदल काही कुटुंबांत आजार आणतो हे १९९७ मध्ये कळलं.

जमलं तर प्रयोगाआधी एखाद्या रुग्णाच्या घरी जाऊन बसा. आजोबा खुर्चीतून उठताना किती वेळ घेतात, वळताना पाय कसे जमिनीला चिकटतात, बंडीची गुंडी लावायला किती झगडतात, हे पाहिलं की 'हालचाल कमी झाली' या तीन शब्दांत काय काय दडलंय ते कळतं. माशात आपण यातला फार छोटा तुकडा मोजणार आहोत.

मासा काय देतो, काय देत नाही

झेब्राफिशच्या जनुकसंचाचा संपूर्ण आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात निदान एक जोडीदार जनुक सापडतं. पार्किन, पिंक-१, डीजे-१ आणि एलआरआरके-२ ही पार्किन्सन्सशी जोडलेली जनुकं त्यात आहेत. अंडी शरीराबाहेर वाढतात आणि पारदर्शक असतात. चोवीस तासांत डोकं, डोळे, शेपूट ओळखू येतं. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास स्वतः खाऊ-पोहू लागतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत हृदयाचे ठोके पाहायला मिळतात.

आता उणिवा. माशाच्या मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नाही. त्याच्या जवळचं काम करणाऱ्या डोपामिन पेशी अग्रमेंदूच्या मागच्या भागात, पोस्टीरियर ट्युबरक्युलम नावाच्या ठिकाणी असतात. झेब्राफिशमध्ये अल्फा-सिन्यूक्लीनचं जनुकच नाही, बीटा आणि गॅमा आहेत. म्हणून लेवी बॉडीचा अभ्यास करायचा तर माणसाचं जनुक बाहेरून घालावं लागतं. डोपामिनसारखी द्रव्यं मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराचे माणसात ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, या माशात एकच. शिवाय माशाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत राहतात. आज घडवलेली हानी काही आठवड्यांनी भरून आलेली दिसू शकते, आणि ते तुमच्या औषधाचं यश समजलं जाऊ शकतं.

हे वाचून नाउमेद होऊ नका. आपला प्रश्न कोणता, यावर उणीव किती मोठी ते ठरतं. विषामुळे डोपामिन पेशी मरतात का आणि एखादं रसायन त्यांना वाचवतं का, इतकाच प्रश्न असेल तर झेब्राफिश उत्तम. वयोमानानं आजार कसा पिकतो, हा प्रश्न असेल तर आफ्रिकेतला टरक्वॉइज किलिफिश अधिक योग्य. तो काही महिन्यांतच म्हातारा होतो, आणि वयाबरोबर त्याच्या डोपामिन पेशी आपोआप घटतात हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. पण तो सांभाळणं नवख्याचं काम नाही.

मामा (माजी मालगुजारी) तलावातून किंवा शेतातल्या बोडीतून ढीवर बांधवांनी आणलेले लहान मासे वापरायचा मोह होईल. नको. त्यांचं वय, त्यांचे परजीवी, त्यांनी आजवर पचवलेली शेतातली औषधं यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. स्थानिक मासा मेंदूविज्ञानात निरुपयोगी आहे असं मात्र नाही. नागपूर विद्यापीठात मागूर माशाच्या मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडांवर (चेतापेशींच्या छोट्या संदेशवाहक प्रथिनांवर) भक्कम काम झालेलं आहे, ते जरूर वाचा.

परवानगी

मासा पृष्ठवंशीय प्राणी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती, म्हणजे सीसीएसईए (पूर्वीची सीपीसीएसईए), माशांनाही लागू आहे. कॉलेजचं प्राणिगृह नोंदणीकृत नसेल तर जवळच्या नोंदणीकृत फार्मसी कॉलेजशी किंवा विद्यापीठ विभागाशी लेखी करार करा आणि त्यांच्या नीतिसमितीपुढे प्रस्ताव ठेवा. युरोपीय नियमांत स्वतंत्रपणे खाऊ न लागलेल्या पिल्लांना संरक्षित प्राणी धरत नाहीत. तो आधार घेऊन आपल्याकडे समितीला वगळू नका, पाच दिवसांच्या आतलं काम असलं तरी समितीला विचारा. प्रस्तावात किती मासे लागतील, का तेवढेच, आणि प्रयोगाअखेर त्यांना वेदनारहित मरण कसं देणार, हे स्पष्ट लिहा.

पाणी, ऊन आणि लाईट

आपल्याकडचे बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

झेब्राफिशला २८ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गोंदियात डिसेंबरच्या रात्री तो दहाच्या खाली येतो. एकाच वर्षात थंडही करावं लागतं आणि गरमही. हिवाळ्यात टाकीला थर्मोस्टॅटचा हीटर पुरतो. उन्हाळ्यात खोलीला कूलर लावा, पण कूलरची हवा थेट टाकीवर सोडू नका, पाणी झपाट्यानं उडतं आणि क्षार घट्ट होतात. टाक्या पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीलगतच्या मांडणीवर ठेवा. पाणी जितकं तापतं तितका त्यातला विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि माशाची गरज मात्र वाढते. एअर पंप इन्व्हर्टरवर हवाच. दुपारी तीन तास लाईट गेली आणि पंप बंद पडला, तर संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड काढून उभे दिसतील. तेव्हा त्यांची हालचाल मोजली तर 'पार्किन्सन्ससारखी' मंदच येणार, एक थेंबही विष न टाकता.

ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर असते. पाणी उघड्या टाकीत हवा सोडत दिवसभर ठेवा किंवा सोडियम थायोसल्फेट वापरा. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत त्यात फ्लोराइडही जास्त असतं, त्यामुळे तपासल्याशिवाय वापरू नका. गावोगावी मिळणारं आरओच्या कॅनचं पाणी सोयीचं आहे, पण त्यात क्षार फारच कमी असतात, नुसतं वापरून चालत नाही. अंड्यांसाठी लिटरला ६० मिलिग्रॅम समुद्री क्षार घालण्याची जुनी रीत आहे. मोठ्या माशांच्या टाकीत क्षार त्याहून जास्त हवेत, पीएच ७ ते ८ च्या दरम्यान ठेवा. नवी टाकी भरली की लगेच मासे सोडू नका. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया मोजायची पट्टी स्वस्त असते, ती आठवड्याला वापरा आणि आकडा वहीत लिहा.

दिवाबत्ती चौदा तास चालू, दहा तास बंद. स्विचला टायमर लावा, माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

मासे आणि अंडी

नागपूरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात झेब्राफिश सहज मिळतात. हाताळणी शिकायला ते ठीक आहेत. रंगीबेरंगी चमकणारे घेऊ नका, त्यांच्यात परके जनुक घातलेले असतात. खऱ्या प्रयोगासाठी ज्ञात वंशावळीचे मासे हवेत. हैदराबादच्या सीसीएमबीत, दिल्लीच्या आयजीआयबीत (या दोन्ही केंद्रीय संशोधन संस्था), पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि आयसरमध्ये झेब्राफिशवर काम चालतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना बल्लारशाहहून सिकंदराबादची थेट गाडी आहे. पत्र पाठवून, परवानगी घेऊन काही दिवस तिथे बसून हात बसवून घ्या, दहा लेख वाचून येत नाही ते तिथे येतं. आणलेले मासे निदान तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

अंडी मिळवायला संध्याकाळी नर-मादी एका छोट्या डब्यात मधे पारदर्शक आडोसा घालून ठेवतात. डब्याला तळाशी जाळी हवी, मच्छरदाणीची जाड जाळीही चालते, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. सकाळी दिवा लागला की आडोसा काढा. नर मादीच्या मागे लागतो, तिच्या पोटाला थोपटतो, आणि तासाभरात जाळीखाली मोहरीहून बारीक, काचेसारखी अंडी दिसू लागतात. एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज देते. ती ड्रॉपरनं बशीत घ्या, धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. फळलेल्या अंड्यावर आधी एक फुगवटा येतो, मग त्याचे दोन, चार, आठ भाग होतात. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात, ती त्याच दिवशी काढा, नाहीतर बुरशी सगळी बशी खाते. पाण्यात मेथिलीन ब्लूचा अगदी हलका निळसरपणा ठेवला तर बुरशीला आळा बसतो.

पिल्लं पाच-सहा दिवसांची झाली की त्यांना खायला पॅरामिशियम हा एकपेशीय जीव लागतो. तणस (धानाचा पेंढा) उकळून गार केलेल्या पाण्यात तो उत्तम वाढतो, आणि तणसाचा आपल्या धानपट्ट्यात कधी तुटवडा नसतो. पॅरामिशियमचं बी मात्र स्वच्छ घ्या, तलावाचं पाणी थेट ओतू नका.

आधी निरोगी मासा मोजा

विषाची बाटली आणायच्या आधी काही महिने फक्त निरोगी मासे मोजायचे, असा माझा आग्रह आहे. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. पण ज्याला आपल्या टाकीतला साधा मासा सकाळी किती पोहतो आणि दुपारी किती, हेच माहीत नाही, त्यानं आजारी मासा मोजून काय ठरवायचं?

मोठ्या माशासाठी नवीन टाकीची चाचणी घ्या. अनोळखी टाकीत सोडलेला मासा आधी तळाशी दबून राहतो, मग हळूहळू वर येऊ लागतो. पाच-सहा मिनिटांचं चित्रण पुरे. एकूण अंतर, सरासरी वेग, स्थिर राहिलेला वेळ आणि वरच्या भागात पहिल्यांदा यायला लागलेला वेळ मोजा. पिल्लांना चोवीस खणांच्या प्लेटमध्ये एकेक ठेवून उजेड-अंधार आलटून पालटून देतात. दिवा विझला की निरोगी पिल्लू एकदम चळवळ करू लागतं. मोबाइलचा कॅमेरा अंधारात बहुधा कामाचा नसतो. तालुक्याच्या दुकानात मिळणारा रात्री दिसणारा सीसीटीव्ही कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यावर चालतो, तो प्लेटवर उभा लावून चालतो. चित्रणातून हालचाल काढायला टॉक्सट्रॅक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इमेजजे सुद्धा.

वेळ रोज तीच ठेवा, पाण्याचं तापमान चाचणीआधी आणि नंतर लिहा. टाकी कोणत्या गटाची आहे हे चित्रण मोजणाऱ्याला कळता कामा नये. खणांना क्रमांक दुसऱ्या कुणी द्यावेत आणि यादी पाकिटात बंद ठेवावी.

विष निवडताना

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात अमली पदार्थ टोचणारे काही तरुण अचानक ताठून गेले, जणू वर्षानुवर्षांचे पार्किन्सन्सचे रुग्ण. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी माग काढला तेव्हा भेसळीत एमपीटीपी हे रसायन सापडलं. मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याचं एमपीपी+ मध्ये रूपांतर करतं, ते डोपामिन पेशी आत ओढून घेतात, आणि मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जासाखळी पहिल्याच टप्प्यावर तुटते. झेब्राफिशच्या पिल्लांतही एमपीटीपीनं डोपामिन पेशी घटतात आणि पोहणं कमी होतं, आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या सेलेजिलिन या औषधानं ते टळतं. पण एमपीटीपी माणसालाही तितकंच घातक आहे. योग्य फ्यूम हूड आणि प्रशिक्षण नसलेल्या खोलीत ते उघडू नये, या मताला माझ्याकडे अपवाद नाही.

रोटेनोन हे डेरिस वर्गातल्या वेलींच्या मुळांतलं विष, जगभर मासे मारायला वापरलेलं. तेही ऊर्जासाखळीचा तोच पहिला टप्पा तोडतं. उंदरांच्या भाऊबंदांत, म्हणजे घुशीसारख्या मोठ्या उंदरांत, त्यातून पार्किन्सन्ससारखी हानी होते हे २००० मध्ये दाखवलं गेलं. पण माशांवर ते लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या कणभरानंही मारक ठरतं, आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीचा श्वास ते कोंडतं. म्हणून रोटेनोनमधला मंद मासा हा बहुधा गुदमरलेला मासा असतो, डोपामिनचा प्रश्न त्यानंतर येतो. ते उजेडात आणि उष्णतेत लवकर विघटित होतं, त्यामुळे सकाळी घातलेली मात्रा संध्याकाळी उरलेली नसते. द्रावण अंधारात ठेवा, रोज ताजं करा.

पॅराक्वाटचं नाव विदर्भातल्या कोणत्याही मुलाला सांगावं लागत नाही, वावरात तणनाशक म्हणून ते पाहिलेलंच असतं. त्याची रचना एमपीपी+ शी मिळतीजुळती आहे आणि त्याच्या संपर्काचा पार्किन्सन्सशी संबंध दाखवणारे लोकसंख्येवरचे अभ्यास आहेत. त्यामुळे पऱ्हाटीच्या (कापसाच्या) पट्ट्यातल्या मुलांना हा विषय जवळचा वाटणं स्वाभाविक आहे, आणि तो जरूर अभ्यासावा. मात्र २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतमजूर दगावले ती तात्काळ विषबाधा होती, तिला पार्किन्सन्सच्या पुराव्यात ओढू नका. पॅराक्वाटला उतारा नाही. कृषी केंद्रातली बाटली प्रयोगाला वापरू नका, त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात. शुद्ध रसायन घ्या, हातमोजे, गॉगल, ॲप्रन घाला, आणि उरलेलं पाणी नालीत सोडू नका. नाली पुढे तलावाला मिळते. ते बंद कॅनमध्ये साठवून जैव-रासायनिक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्या.

मंदावला, पुढे काय?

विद्यार्थिनी धावत येते, "मॅडम, मासे पूर्ण सुस्तावले जी!" आनंद होतो, पण खरं काम तिथून सुरू होतं.

किमान चार गट हवेत: साधं पाणी, द्रावक मिसळलेलं पाणी, विष, आणि विषासोबत उपचार. रोटेनोनला डायमिथिल सल्फॉक्साइड लागतं, आणि तेही जास्त झालं की पिल्लांवर परिणाम करतं. पिल्लाचं हृदय नीट चालतंय का, अंग वाकलंय का, सुईच्या टोकानं हळूच स्पर्श केला तर ते झटकन पळतं का, हे पाहा. स्पर्शालाही हललं नाही तर स्नायू किंवा सगळा जीवच खचलेला आहे.

मग उतारा देऊन पाहा. या पद्धतीची मुळं १९५७ मध्ये आहेत. अरविद कार्लसन यांनी सशांना रिझर्पिन देऊन निश्चल केलं आणि एल-डोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं) देताच ते पुन्हा हालू लागले. रिझर्पिन आपल्या सर्पगंधेतलं, आणि एल-डोपा खाजकुहिलीच्या बियांत भरपूर असतं, ते मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्ये वेगळं केलं होतं. तुमच्या मंद माशाची हालचाल एल-डोपानं सुधारली तर डोपामिनकडे बोट दाखवता येतं. सुधारली नाही तर दुसरं कारण शोधा.

शेवटचा पुरावा पेशींचा. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या डोपामिन बनवायला लागणाऱ्या विकराच्या प्रतिपिंडानं डोपामिन पेशी रंगवून मोजणं लहान कॉलेजात अवघड आहे, पण पिल्लं पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून मोठ्या प्रयोगशाळेत नेता येतात. फक्त कॅटालेज, एसओडी आणि एमडीए ही पेशींवरच्या ताणाची मापं मोजून 'पार्किन्सन्सवर गुणकारी वनस्पती' असा निष्कर्ष लिहिणारे प्रबंध फार झालेत. त्या चाचण्यांतून पेशींवर ताण आला इतकंच कळतं.

एका मादीच्या शंभर पिल्लांना शंभर स्वतंत्र प्रयोग धरू नका. वेगवेगळ्या दिवशीच्या, वेगवेगळ्या जोड्यांच्या निदान तीन घाण्यांवर निकाल सारखा आला, तर तो लिहा. आलेच नाहीत सारखे, तर तेही लिहा.

गावात बातमी पसरली की कुणीतरी विचारणारच, "बाई, आमच्या बाबांचं थरथरणं तुमच्या औषधानं जाईल का?" त्यांना खुर्ची द्या, नीट सांगा की हे काम अजून माशांच्या पिल्लांवरच आहे, आणि बाबांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. खाजकुहिलीची पूड स्वतःच्या मनानं देऊ नका हेही सांगा. आधीच लेवोडोपाच्या (म्हणजे एल-डोपाच्याच) गोळ्या चालू असतील तर एकूण मात्रा वाढते.

वर्षाचं वेळापत्रक

ऊन उतरल्यावर, जुलैमध्ये टाक्या मांडा आणि पाणी पिकू द्या, म्हणजे गाळणीत जिवाणू वसू द्या. त्याच काळात नीतिसमितीचा प्रस्ताव तयार करा. परवानगी आली की सप्टेंबरमध्ये मासे, दिवाळीच्या आसपास पहिली अंडी, आणि हिवाळाभर हीटर लावून निरोगी माशांची मोजणी. मार्च संपेपर्यंत नियंत्रण गटाचे आकडे आठवड्यागणिक जवळपास सारखे येत असतील, तरच विषाच्या प्रयोगाची तारीख ठरवा. ती मे महिन्यातली नको.